फ्रीज थांबतच नाही? गॅस भरायच्या आधी या क्रमाने तपासा

कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतोय, बिल वाढलंय. मग फ्रीजवाल्याला फोन जातो, आणि तो दारात यायच्या आत "गॅस संपला असणार" असं घरातच ठरून जातं. बेळगावपासून अथणीपर्यंत सगळीकडे हेच चालतं. पण फ्रीजचा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा तिथूनच जाणार. म्हणून गॅस हे सगळ्यात शेवटी तपासायचं कारण. त्याच्या आधीच्या बहुतेक गोष्टी एकही स्क्रू न काढता घरीच तपासता येतात, फक्त क्रम मोडायचा नाही.

## तयारी

एवढं सामान जवळ ठेवा: उणे अंश दाखवणारे दोन फ्रीज थर्मामीटर, दहा रुपयांची नोट, टॉर्च, जुना टूथब्रश, लांब केसांचा मऊ ब्रश, दोन जाड टॉवेल, दूध-मासे तात्पुरते ठेवायला आईसबॉक्स, आणि वही. वही खरंच लागते. एका वेळी एकच बदल करायचा, वेळेसकट लिहायचा, आणि २४ तास थांबून मगच पुढचा बदल करायचा. फ्रीजला नव्या स्थितीत स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. सकाळी नॉब फिरवला, दुपारी रबर पुसलं, संध्याकाळी जागा बदलली, तर नेमका कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

फ्रीज कुठल्या जातीचा आहे तेही आधी ठरवा. एका दाराचा, आत छोटा बर्फाचा कप्पा आणि नॉबच्या मध्ये दाबायचं बटण असेल तर तो साधा, म्हणजे डायरेक्ट कूल. दोन दारांचा, वरच्या कप्प्यातून पंख्याची हवा येणारा असेल तर फ्रॉस्ट फ्री. दोघांचे आजार वेगळे असतात.

## टप्पा १: खरंच जास्त चालतोय का?

दारावर किंवा मागच्या पट्टीवर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर लिहिलं असेल तर तो हळू वेगात जवळजवळ सतत चालणारच. तो तसाच बनवलाय, आणि सतत चालूनही वीज कमी घेतो. (घरात लाईट गेल्यावर चालतो तो बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.)

साधा कॉम्प्रेसर मात्र चालू-बंद होत राहिला पाहिजे. साधारण हवेत तो निम्मा ते ६० टक्के वेळ चालतो. एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ७५-८० टक्के चालला तरी तो बिघाड नव्हे. पावसाळ्यात खानापूर-कणकुंबी भागात लाईट पाच-सहा तास गेली, तर परत आल्यावर तेवढीच गळलेली थंडी भरून काढायला फ्रीज सलग काही तास चालतो. त्या दिवशी मोजमाप करू नका.

मोजायची सोपी रीत: रात्री जेवणं उरकून दार बंद केलं की मोबाईलचा आवाज रेकॉर्डर लावून तो फ्रीजवर ठेवा. तीन तासांच्या रेकॉर्डिंगच्या आलेखात कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, कधी थांबला ते डोळ्यांना दिसतं. दार एकदाही न उघडता, उन्हाळा नसताना, तीन तासांत थांबलाच नाही तर पुढे चला.

दुसरी रीत मीटरची. फ्रीज सोडून घरातलं सगळं बंद करा, बॅटरीचा इन्व्हर्टर आणि वायफायसुद्धा. मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट (imp/kWh) लिहिलं असेल तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे सुमारे १९ वॉट. १६०० असेल तर सुमारे ३८ वॉट. ३२०० च्या मीटरवर सहा लुकलुकी म्हणजे ११०-११५ वॉट, म्हणजे कॉम्प्रेसर चालू आहे. मधेच अचानक दुप्पट-अडीचपट झाल्या तर फ्रॉस्ट फ्रीचा बर्फ वितळवणारा हीटर लागला असं समजा. तो लागतोय हेही कळलं ते बरंच झालं, टप्पा ५ मध्ये कामाला येईल.

पडताळा: "थांबतच नाही" आणि "दर दोन-तीन मिनिटांनी टक् करून बंद पडतो" या वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी असेल तर थेट टप्पा ७ ला जा.

## टप्पा २: दोन तापमानं घ्या, चार चित्रं ओळखा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि निम्मा घोळ इथेच होतो. हात लावून "गार लागतंय" हे माप नव्हे.

एक थर्मामीटर पेलाभर पाण्यात बुडवून खालच्या कप्प्यात मधल्या फळीवर ठेवा. दुसरा फ्रीझरमध्ये गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, म्हणून ही खटपट. नॉब मधल्या आकड्यावर. १२ तासांनी, सकाळचं पहिलं दार उघडताच वाचा. हवं ते असं: खाली ३ ते ५ अंश, फ्रीझरमध्ये −१८ च्या आसपास. एका दाराच्या साध्या फ्रीजचा छोटा कप्पा एवढा खाली जात नाही; तिथे बर्फ कडक राहतो का एवढंच बघा.

आता चारपैकी कुठलं चित्र आहे?

दोन्ही बरोबर, तरी सतत चालतोय. मशीन ठीक आहे, त्याच्यावर ओझं जास्त आहे. कारण बाहेरची गरम हवा, दार, किंवा आत भरलेला माल. टप्पा ३ आणि ४.

दोन्ही गरजेपेक्षा जास्त थंड. खाली दूध गोठतंय, फ्रीझर −२४ च्या खाली गेलाय, तरी थांबत नाही. मशीनमध्ये दम आहे, पण "पुरे" सांगणारा बिघडलाय: थर्मोस्टॅट चिकटलाय किंवा सेन्सर जागेवरून सुटलाय. नॉब शून्यावर नेऊन बघा. टक् आवाज येऊन कॉम्प्रेसर थांबला नाही, तर थर्मोस्टॅट बदलावा लागेल. ते काम छोटं असतं, त्यासाठी कुणी गॅसचं नाव काढलं तर ऐकू नका.

फ्रीझर ठीक, खालचा कप्पा गरम. फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडी वर तयार होते आणि पंखा ती खाली ढकलतो. वाट अडली आहे, किंवा पंखा बंद आहे. टप्पा ५ आणि ६. पण त्याआधी फ्रीझरमधला नॉब बघा. अनेक मॉडेलांत तो थंडी वाढवत नाही, फक्त खाली जाणाऱ्या हवेची झडप उघडतो-मिटतो. "जास्त थंड" वर ठेवला की झडप जवळजवळ मिटते, खालचा कप्पा गरम राहतो, आणि तिथे बसलेला थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला थांबूच देत नाही. उन्हाळ्यात आईस्क्रीम कडक व्हावं म्हणून कुणीतरी तो फिरवलेला असतो आणि सगळं घर विसरलेलं असतं. मधोमध आणा, २४ तास थांबा.

दोन्ही गरम. बाहेर उष्णता टाकता येत नाही, किंवा कॉम्प्रेसर-गॅसचा प्रश्न आहे. तरी टप्पा ३ आधी करा.

सावध: थंडी कमी पडते म्हणून नॉब ७ वर नेऊ नका. नॉब मशीनची ताकद वाढवत नाही, थांबायची रेषा खाली नेतो. जो फ्रीज ४ वर थांबत नाही तो ७ वर कसा थांबणार?

## टप्पा ३: बाहेरची हवा आणि दार

प्लग काढा, फ्रीज पुढे ओढा. मागे १० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ५, वर किमान १५ सेंटिमीटर मोकळं हवं. मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेवढं. भिंतीतल्या कोनाड्यात बरोबर बसवलेला फ्रीज दिसायला छान, पण आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेत राहतो. वर टाकलेलं कव्हर, त्यावरच्या पिशव्या, बाजूला टेकवलेली पाटं-ताटं, सगळं काढा. गॅसची शेगडी हातभर अंतरावर असेल तर फ्रीजची जागा बदला.

मागे उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी असेल तर तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने वरून खाली काढा. फोडणीच्या वाफेने ती धूळ तेलकट होऊन गोधडीसारखी बसते. कोमट साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा, पाणी मारू नका. मागे जाळीच नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांच्या आत आहे. म्हणूनच ते पत्रे आणि दाराची चौकट कोमट लागते. तो दोष नाही, चौकटीवर दव धरू नये म्हणून गरम नळी मुद्दाम तिथून फिरवलेली असते. अशा फ्रीजला घासण्यासारखं काही नसतं, बाजूची फट तेवढी राखायची.

आता दार. नोट रबर आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा आणि ओढा. थोडी अडून निघाली पाहिजे. सळकन निघाली तिथे खूण करा. चारही बाजूंनी, वीतभर अंतरावर, आणि बिजागरीची बाजू न विसरता. मग रात्री स्वयंपाकघर अंधारं करून आत पेटती टॉर्च ठेवून दार लावा. फट असेल तिथून उजेड दिसेल. मोबाईलचा व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवला तर दार लागल्यावर आतला दिवा विझतो की नाही हेही कळतं. जुना पिवळा बल्ब पेटता राहिला तर फ्रीजमध्ये शेगडीच लावून ठेवल्यासारखं.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे रबराच्या घडीत काळी बुरशी धरते. ती टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने काढा. रॉकेल किंवा थिनर लावू नका, रबर कडक होतं. मुडपलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं चार-पाच मिनिटं दाबून धरा, बोटांनी सरळ करा, दार लावून रात्रभर ठेवा. चिरलेलं रबर मात्र बदलायचं.

शहाबादी फरशी सगळीकडे सारखी नसते. पुढचे पाय फिरवून फ्रीज मागे किंचित कलता ठेवा. दार अर्धवट उघडून सोडलं तर आपणहून लागलं पाहिजे.

पडताळा: २४ तासांनी पुन्हा तीन तास मोजा. बरेच फ्रीज या टप्प्यावरच सुधारतात.

## टप्पा ४: आत काय भरलंय

साधं गणित. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ५ वर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या पाचपटीच्या आसपास त्याच पाण्याचा −१८ अंशांचा बर्फ करायला काढावी लागते. म्हणजे सरबतासाठी चार बाटल्या गार करणं वेगळं आणि चार डबे बर्फ लावणं वेगळं. गोव्याकडून आलेले चार-पाच किलो मासे, किंवा सणाचं मटण, एकदम फ्रीझरमध्ये गेलं तर तो दिवसभर थांबणार नाही. तो बिघाड नाही. दोन हप्त्यांत, चपट्या पाकिटांत ठेवा.

आमटी, दूध, डोशाचं पीठ झाकूनच ठेवा. उघड्या पातेल्यातली वाफ जाऊन गार नळीवर बर्फ होऊन बसते. हवेच्या झरोक्यांसमोर मोठं पातेलं टेकवू नका.

## टप्पा ५: बर्फ

साधा फ्रीज: कप्प्यात अर्धा सेंटिमीटर बर्फ जमला की बटण दाबायचं. बर्फ हा थंडी अडवणारा थर आहे. सुरी, पेचकस, उलथणं लावू नका. कप्प्याच्या पातळ पत्र्यातच गॅसची नळी असते. एक टोचा, आणि मग खरोखरच गॅस जातो. सतत चालणाऱ्या साध्या फ्रीजच्या गळतीमागे सुरीचा असा टोचा बऱ्याचदा सापडतो. घाई असेल तर कप्प्यात गरम पाण्याचं भांडं टॉवेलवर ठेवा.

फ्रॉस्ट फ्री: यात बर्फ दिसायलाच नको. फ्रीझरच्या मागच्या पांढऱ्या पॅनलवर बर्फ, फुगवटा किंवा झरोक्यात भुसभुशीत हिम दिसलं, तर पॅनलमागची गार नळी बर्फाखाली बुजली आहे. माल आईसबॉक्समध्ये काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली टॉवेल अंथरा आणि पूर्ण २४ तास तसाच राहू द्या. पाच-सहा तासांत वरचा बर्फ जातो, पण पॅनलमागचा गाभा राहतो. अर्धवट वितळवून सुरू केलेला फ्रीज दोन दिवसांत पुन्हा तिथेच येतो.

मग कॅलेंडरवर तारीख लिहा, कारण खरी तपासणी आता सुरू होते.

बर्फ आठवडा-दहा दिवसांत परत आला, तर आपोआप बर्फ वितळवणारी साखळी तुटली आहे: हीटर, नळीवरचा बायमेटल (थंडीप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच), थर्मल फ्यूज (जास्त तापलं तर वीज तोडणारा), टायमर किंवा बोर्ड. मेकॅनिकला "गॅस बघा" म्हणू नका, "डीफ्रॉस्टची लाईन बघा" म्हणा. मीटरवर दिवसभरात हीटरची उडी कधीच दिसली नसेल तर तेही सांगा. दोन-तीन महिने चांगला चालला आणि मग बर्फ आला, तर साखळी ठीक आहे, दमट हवा दारातून शिरतेय. टप्पा ३ पुन्हा करा.

खालच्या कप्प्यात पाणी साठत असेल तर निचऱ्याचं भोक बुजलंय. कोमट पाणी सिरिंजने सोडा. टोकदार तार घालू नका.

## टप्पा ६: पंखा

फ्रॉस्ट फ्रीसाठीच. फ्रीझरचं दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबा. कॉम्प्रेसर चालू असताना पंख्याचा आवाज आला पाहिजे, झरोक्यावर धरलेला कागद हलला पाहिजे. काही मॉडेलांत थोडा उशीर लागतो, दोन मिनिटं धरा. आवाजच नाही तर पंख्याची मोटर किंवा स्विच. करकर आवाज असेल तर पात्यांना बर्फ लागतोय, म्हणजे पुन्हा टप्पा ५.

## टप्पा ७: वीज

निपाणी, चिकोडी, रायबाग पट्ट्यात उसाला पाणी द्यायच्या वेळी पंप एकदम सुरू होतात आणि घरात दिवे मंदावतात. व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की साध्या कॉम्प्रेसरला उचलताच येत नाही. तो गुणगुणतो, तापतो, ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) टक् करून तोडतो, काही मिनिटांनी पुन्हा तेच. तेवढा वेळ थंडी तयार होत नाही, आणि वीज चांगली झाल्यावर तो तास न् तास भरपाई करत बसतो. दिवसातून तीन-चार वेळा व्होल्टेज वहीत लिहा. स्टॅबिलायझरवर येणाऱ्या विजेचा आकडा दिसत असेल तर सोपं. सॉकेटमध्ये मल्टीमीटरचे टोक घालायची सवय नसेल तर ते इलेक्ट्रिशियनवर सोडा.

स्टॅबिलायझर फ्रीजसाठीचा, तीन मिनिटांनी वीज सोडणारा हवा. लाईट जाऊन लगेच आली तर नळीतला दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर सुरू होऊ नये म्हणून ही सोय. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर नको, थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला. स्क्वेअर वेव्ह जातीच्या बॅटरी इन्व्हर्टरवर तर अजिबात नको, त्यावर मोटर गुरगुरते आणि तापते.

पडताळा: व्होल्टेज २२० च्या पुढे असतानाही टक्-टक् चालूच असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा ओव्हरलोड तपासून घ्या. दोन्ही बदलता येण्याजोगे छोटे भाग आहेत.

## टप्पा ८: आता मेकॅनिक, आणि त्याच्यासमोर उभं राहून बघायच्या गोष्टी

वही त्याच्या हातात द्या. पॅनल उघडलं की नळीवरचा बर्फ स्वतः बघा, खरं निदान तिथे लिहिलेलं असतं. सगळ्या नळीवर जाड बर्फाची भिंत: डीफ्रॉस्ट बंद. सगळीकडे पातळ, सारखं पांढरं: नळीकडून तक्रार नाही. सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच हिम आणि बाकी कोरडं: गॅस कमी, किंवा नळी मधे बुजलेली. काहीच नाही आणि कॉम्प्रेसर चालूच: गॅस पूर्ण गेलाय किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही.

नळीवरच्या बर्फाच्या या चार चित्रांतलं तिसरं किंवा चौथं असेल तरच गॅसचं काम. तेव्हा आधी गळती शोधून बंद केली पाहिजे, फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारी गाळणी) नवा बसवला पाहिजे, व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवला पाहिजे, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला पाहिजे. मागच्या पट्टीवर गॅसची जात आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-६००ए असेल तर अनेक घरगुती फ्रीजमध्ये ती मात्रा शंभर ग्रॅमच्या आत असते. "अंदाजाने" भरताना दहा-पंधरा ग्रॅम जास्त झाले तरी कॉम्प्रेसरकडे परत येणारी नळी पांढरी होते आणि फ्रीज पुन्हा जास्तच चालतो.

सावध: आर-६००ए हा आयसोब्युटेन, पेट घेणारा. त्याला सिलिंडरच्या गॅससारखा वास मिसळलेला नसतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. जोडकाम करताना खिडक्या-दारं उघडी, शेगडी आणि देवासमोरचा दिवा विझवलेला, आणि आधीचा गॅस बाहेर मोकळ्यावर सोडलेला असल्याशिवाय नळी जोडायची ज्योत पेटवू देऊ नका. पट्टीवर आर-६००ए लिहिलेलं असताना कुणी आर-१३४ए हा दुसऱ्या जातीचा गॅस भरतो म्हणाला तर काम तिथेच थांबवा.

काम झाल्यावर भरलेले ग्रॅम बिलावर लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी परतीच्या नळीला हात लावा. ती कोरडी, खोलीच्या हवेपेक्षा जराशी गार लागायला हवी.